मोटारसायकलचे जादा दिवे : उजेड रस्त्यावर हवा, डोळ्यांत नको

सातपाटीच्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर ज्याने मोटारसायकल चालविली असेल, त्याला आमचे म्हणणे लगेच पटेल. बंदरावरून बर्फातली मासळी घेऊन निघालेले टेम्पो पालघरकडे धावत असतात. त्यांच्यातून गळणारे पाणी डांबरावर पसरते आणि त्यावर समोरच्या गाडीचा प्रकाश पडला की रस्ता आरशासारखा चमकतो. कडेने टोपल्या घेतलेल्या बाया चालत असतात, सायकलवाले असतात, शिकवणीहून परतणारी मुले असतात. शिरगावच्या अलीकडे-पलीकडे काही ठिकाणी दिव्याचा खांब असतो, काही ठिकाणी नुसताच खांब असतो. अशा रस्त्यावर गाडीचा मूळ दिवा अपुरा वाटू लागतो आणि मग माणूस गॅरेजवाल्याकडे जाऊन म्हणतो, "दोन फॉग लावून दे."

आम्हीही तसेच म्हटले होते. त्याची हकीकत सांगावयाची तर आमची चूक आधी सांगितली पाहिजे, आणि ती लपविण्यात काही अर्थ नाही, कारण तीच चूक आज बोईसर-पालघरच्या रस्त्यांवर दर पाच गाड्यांमागे एका गाडीवर लटकलेली दिसते.

आपल्या वस्त्यांमधून मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार असो, रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या बहिणीला आणावयास जाणारा भाऊ असो, हप्त्यावर घेतलेली शंभर-सव्वाशे सीसीची गाडी हाच त्यांचा आधार. तीच गाडी मे महिन्यात गावी जाते, लग्नाला जाते, आजारी माणसाला पाहावयास जाते. परदेशी मासिकांत पर्यटनाची म्हणून जी भलीमोठी मोटारसायकल दिसते ती आपल्याकडे नाही. पण महाडच्या पलीकडे गावी जाणारी जोडप्याची गाडी, मागे बांधलेली बॅग आणि पुढे हँडलला अडकवलेली पिशवी, हेही पर्यटनच आहे.

आमचेही तेच ठरले होते. पालघरहून गावापर्यंत साधारण अडीचशे किलोमीटर. ऊन टाळावयाचे तर पहाटे तीन-साडेतीनला निघावे लागणार. पत्नी म्हणाली, "वाघोबा खिंडीत अंधार असतो, गाडीचा लाइट तर मेणबत्तीएवढा." तिचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून आम्ही बाजारातून दोन एलईडी दिवे आणले. खोक्यावर १२० वॅट असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये अर्ध्या तासात ते हँडलच्या खाली बसले. बटण दाबले तर समोरची भिंत पांढरीफटक झाली. गॅरेजवाला हसला, आम्हीही हसलो.

चौथ्या दिवशी सातपाटीला एका ओळखीच्या घरी जाताना, शिरगावच्या पुढे, समोरून एक वयस्कर गृहस्थ सायकलवरून येत होते. आम्ही त्यांना पाहिले. आमच्या दिव्यांनी ते लख्ख दिसत होते, सदऱ्याची बटणेसुद्धा. आम्हाला मात्र एक गोष्ट दिसली नाही, ती अशी की त्यांना काहीच दिसत नव्हते. त्यांनी एक हात डोळ्यांवर धरला, सायकल डावीकडे वळविली आणि कडेच्या खड्ड्यात गेले.

हाड मोडले नाही. गुडघा सोलवटला, पुढच्या चाकाची रिम वाकली. आम्ही धावत जाऊन त्यांना उठविले. त्यांनी आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, "बाबा, तुला दिसावं म्हणून माझे डोळे काढून घेतलेस?"

या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. रिक्षा करून त्यांना सातपाटीला घरी पोचविले. घरी त्यांचा मुलगा होता. तो मच्छीमार बोटींवर वायरिंगचे काम करतो. त्याने आधी वडिलांचा गुडघा पाहिला, मग सायकल पाहिली, मग आमच्या गाडीचे दिवे पाहिले. बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "दादा, रविवारी दिवसाउजेडी गाडी घेऊन या. हे असं ठेवू नका." ज्याच्या बापाला आम्ही पाडले त्यानेच आमची गाडी नीट करून दिली, हे इथे नोंदविणे आम्हाला भाग आहे.

सीटखाली काय निघाले

रविवारी त्याने सीट काढली, टाकी सैल केली. गॅरेजवाल्याने नव्या दिव्यांची वायर हेडलाइटच्या मूळ वायरला नुसती पिळून काळ्या टेपने गुंडाळली होती. टेप सुटत आलेली होती. सांध्याजवळ वायरचे आवरण मऊ होऊन तपकिरी पडले होते, आणि हे सर्व पेट्रोलच्या टाकीच्या बरोबर खाली. मध्ये फ्यूज कुठेच नव्हता. आणखी काही आठवडे गेले असते तर काय झाले असते, हे सांगावयास विजेचा जाणकार लागत नाही.

मग त्याने मीटर लावला. खोक्यावरचे १२० वॅट कुठेच सापडले नाहीत. दोन्ही दिवे मिळून पावणेतीन अँपिअर घेत होते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हा हिशेब शाळेत शिकविलेला असतो. साडेबारा व्होल्टला पावणेतीनने गुणले तर चौतीस-पस्तीस वॅट होतात. खोक्यावरचा आकडा हा विकणाऱ्याचा आकडा असतो. तेव्हा दिवे घेताना छापील वॅट पाहू नयेत, मीटर लावून अँपिअर पाहावेत.

आता हा विजेचा जमाखर्च थोडा समजून घेऊ, कारण सारा घोटाळा इथेच होतो. गाडीच्या इंजिनाला जोडलेले जनित्र ही आपली मजुरी, आणि बॅटरी ही शिल्लक. हेडलाइट, मागचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, स्टार्टर हे सर्व खर्च. मजुरीपेक्षा खर्च वाढला की शिल्लक संपते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. छोट्या गाडीची मजुरी मुळातच बेताची असते. त्यातून १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तो बंद करण्याचे बटणच नसते. म्हणजे तो खर्च कायमचा झाला. जुन्या पद्धतीचे ५५ वॅटचे दोन हॅलोजन अशा गाडीला लावणे म्हणजे ११० वॅट, नऊ अँपिअरहून अधिक. ते झेपणारे नाही. एलईडीचा गुण असा की तेवढ्याच विजेत तो हॅलोजनच्या कित्येक पट प्रकाश देतो. म्हणून छोट्या गाडीला लावावयाचेच तर दोन्ही मिळून तीस-चाळीस वॅटच्या आतले एलईडी, त्यापलीकडे नाही.

झेपते की नाही हे घरी पाहता येते. साधा मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखविते. इंजिन चालू करून थोडा रेस दिला की साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. आता जादा दिवे लावा. आकडा तेराच्या वर टिकला तर ठीक. रेस देऊनही बारापर्यंत घसरला, तर शिल्लक खाल्ली जात आहे असे समजावे आणि एक दिवा काढून टाकावा.

जुन्या जावा-राजदूतच्या काळात सहा व्होल्टची बॅटरी असे. तेवढ्याच वॅटला दुप्पट अँपिअर लागत, आणि इंजिन मंद झाले की दिवा पिवळा पडे. ज्यांनी त्या गाड्या चालविल्या त्यांना ठाऊक असेल की चढावर गिअर बदलताना रस्ता क्षणभर नाहीसा होत असे. ती पिढी अंधारात सावकाश चालवी. हल्लीची मुले सावकाश चालवीत नाहीत याचे कारण काही अंशी दिवेच आहेत, असे आमचे मत आहे.

बोटीवरची वायरिंग

त्या मुलाने केलेली जोडणी साधी होती. कोणत्याही होतकरू मुलाला ती जमेल, पण क्रम चुकता कामा नये. बॅटरीच्या धन टोकापासून एक वायर निघते. टोकापासून वीतभर अंतरावरच फ्यूज. पावणेतीन अँपिअरच्या दिव्यांना पाच अँपिअरचा फ्यूज पुरे. वीस अँपिअरचा टाकला तर वायर जळेपर्यंत फ्यूज जात नाही आणि तो असून नसल्यासारखा होतो. फ्यूजनंतर रिले. रिले म्हणजे दूरून चालणारे बटण. त्याच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ३०वर फ्यूजकडून आलेली वायर, ८७वरून दिव्यांकडे जाणारी, ८५ गाडीच्या अर्थिंगला आणि ८६वर हँडलच्या बटणाकडून येणारी. हँडलच्या बटणातून मग फक्त रिलेला हलविण्यापुरती किंचितशी वीज जाते. दिव्यांचा सारा भार जाड वायरीतून, बॅटरीपासून थेट जातो. हेडलाइटच्या बिचाऱ्या बारीक वायरीवर काही ओझे पडत नाही.

८६वर येणारी वीज कुठून घ्यावी, यात खरी खुबी आहे. ती चावीनंतरच्या वायरीतून घेतली तर चावी काढताच दिवे विझतात. नाहीतर एखाद्या रात्री दिवे तसेच राहतात आणि सकाळी बॅटरी मेलेली. दूरवर झोत टाकणारे दिवे असतील तर ती वीज अप्परच्या वायरीतून घ्यावी. मग आपण समोरच्यासाठी डिपर दिला की जादा दिवेही त्याच क्षणी आपोआप विझतात. माणूस विसरतो, वायर विसरत नाही. आमच्या पहिल्या जोडणीत हेच नव्हते. आम्ही त्या सायकलवाल्या काकांना डिपर दिला होता, हे आम्हाला स्पष्ट आठवते. पण जादा दिव्यांचे बटण वेगळे होते आणि ते चालूच राहिले.

समुद्रकाठच्या गावांत आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. तांब्याची उघडी तार इथे काही महिन्यांत हिरवी-काळी पडते, अर्थिंगचा बोल्ट गंजतो आणि दिवा लुकलुकू लागतो. बोटीवर काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. त्याने एकही सांधा पिळून केला नाही. प्रत्येक टोकाला थिंबल दाबले, वर आचेने आवळणारी स्लीव्ह घातली, अर्थिंगची जागा कानशीने घासून लखलखीत केली आणि बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन चोपडले. स्टेनलेसचे नट घेतले, तेही आत नायलॉनची कडी असलेले, कारण साधे नट थरथरीने सुटतात. हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवून वायर कुठे ताणते का तेही पाहिले. रिले, फ्यूज, वायर, नट मिळून आमचे चारशे रुपयांच्या आत काम झाले. मजुरी त्याने घेतली नाही. सायकलची रिम मात्र आम्ही नवी आणून दिली.

काम करता करता तो बोटीच्या दिव्यांविषयी बोलत होता. समुद्रावर दिवा बघण्यासाठी कमी आणि दिसण्यासाठी जास्त असतो. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा, हा साऱ्या जगाचा नियम आहे. अंधारात समोर तांबडा दिसला की ती बोट आपल्याला डावे अंग दाखवीत चालली आहे, दोन्ही दिसले की सरळ आपल्यावर येत आहे. हे दिवे प्रखर नसतात, त्यांनी पाणी उजळत नाही. पण त्यांच्यावर माणसांचे जीव तरतात. आणि नुसत्या प्रखर उजेडाचे काय होते तेही सातपाटीला माहीत आहे. मोठ्या बोटी पाण्यावर झगझगीत एलईडी लावून लहान-मोठी सगळी मासळी एका जागी ओढून घेतात, म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. "ज्याच्याकडे मोठा लाइट त्याची मासळी आणि ज्याच्याकडे मोठा लाइट त्याचाच रस्ता," तो म्हणाला. आम्ही मान खाली घालून वायर धरून बसलो होतो.

डोळ्यांचे काय होते

अंधारात आपली बाहुली मोठी होते. तिच्यात एकदम प्रखर झोत शिरला की काही क्षण काहीच दिसत नाही, आणि झोत गेल्यावरही नजर परत येण्यास काही सेकंद जातात. वय वाढले, मोतीबिंदू असला की आणखी वेळ लागतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे जाते. म्हणजे समोरच्याला आपण तीन सेकंद आंधळे केले तर तो पन्नास मीटर आंधळा चालला. त्या पन्नास मीटरांत कडेने चालणारी टोपलीवाली बाई असू शकते, आणि तो ट्रकवाला असेल तर आपणही असू शकतो.

बाजारातल्या स्वस्त दिव्यांत एलईडीचे उघडे दाणे असतात, पुढे नुसती काच. त्यांचा प्रकाश चहूकडे फुटतो, झाडावर, आकाशात, डोळ्यांत. रस्त्यावर त्यातला थोडाच पडतो. चांगल्या दिव्याला भिंग असते आणि भिंतीवर त्याच्या उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते. घ्यावयाचा तर तसा, आडवा पसरणारा. तो दूरचे दाखवीत नाही, जवळची कड दाखवितो: डांबर कुठे संपते, खडी कुठे सुरू होते, खड्डा किती खोल आहे. हाच उजेड आपल्याला हवा असतो. दिवा जितका खाली तितकी खड्ड्याची सावली लांब, म्हणून लेग गार्डच्या खालच्या भागात लावलेला दिवा हँडलवरच्या दिव्यापेक्षा अधिक उपयोगी. आमचे दिवे हँडलखालून तिथे उतरले. जुने दोन भंगारात गेले, कारण उघड्या दाण्यांना खाली लावूनही फरक पडेना.

पाऊस आणि धुके यांविषयी एक समज आहे की पिवळा दिवा धुके भेदून जातो. फ्रान्समध्ये १९३६पासून १९९३पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, त्यामुळे या समजाला वजन आले असावे. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, दोन्ही सारखेच विखुरतात. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो एवढे खरे. धुक्यात कामाला येते ती दिव्याची खालची जागा आणि आडवा झोत. अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. जुलैतल्या सततधार पावसातही हेच. ओल्या डांबरावरचा प्रकाश पुढे निसटून जातो, आपल्याकडे परत येत नाही, म्हणून कितीही वॅट लावले तरी रस्ता काळाच दिसतो. तिथे औषध एकच, वेग कमी.

दिव्याचा कोन लावण्याची रीत अशी. सपाट जागी, भिंतीपासून पाच मीटरवर गाडी स्टँडवरून काढून सरळ उभी धरावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारावी. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आणि हे करताना गाडीवर जेवढी माणसे बसणार तेवढी बसवावीत. पुष्कळांची चूक इथे होते. एकटा माणूस बसून कोन लावतो, मग मागे पत्नी, मध्ये मूल आणि बॅग आली की मागचे शॉकअप दबतात, गाडीचे नाक वर होते आणि दिवा झाडावर जातो. हेडलाइटलाही हेच लागू आहे. आमची पत्नी त्या दिवशी बॅग मांडीवर घेऊन वीस मिनिटे भिंतीसमोर गाडीवर बसली होती, शेजारची मुले गोळा झाली होती.

कायद्याचेही सांगितले पाहिजे, कारण दंड आपल्याच खिशातून जातो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे गाडीत कंपनीने ठरवून दिलेल्याहून वेगळा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून आपल्या गाडीसाठी कंपनीनेच जोड-दिवे ठेवलेले असतील तर थोडे महाग पडले तरी तेच घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी. बाहेरचे लावावयाचे असतील तर आधी आरटीओत विचारावे. पुढच्या बाजूला तांबडा दिवा चालत नाही, आणि पोलिसांच्या गाडीसारखे निळे-तांबडे लुकलुकणारे लावणे हा तर शुद्ध मूर्खपणा. १९८९च्या केंद्रीय नियमांतला १०६वा नियम झोताविषयी आहे. गाडीपासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. दीड मीटर म्हणजे सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची. हा नियम ज्याने लिहिला त्याला रस्ता माहीत असावा.

आणि सर्वांत आधी जे करावयाचे ते शेवटी सांगतो आहोत, कारण आम्हालाही ते शेवटीच कळले. आमच्या हेडलाइटची काच आतून धुरकट झाली होती. बल्ब पाच वर्षांचा होता. शंभर-सव्वाशे सीसीच्या हॅलोजन गाड्यांत बहुधा ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. नवा असताना तो डिपरवर साधारण ५०० ल्युमेन देतो, तर मोठ्या ६०/५५ वॅटच्या बल्बचे सुमारे १०००. मुळात निम्मेच, त्यात जुना बल्ब आणि मळकी काच. मोठा बल्ब मात्र त्याच जागी बसवू नये, होल्डर वितळतो. तेवढ्याच वॅटचा नवा बल्ब घेतला, काच पुसली, कोन लावला, तर शंभर-दोनशे रुपयांत पत्नीची मेणबत्तीची तक्रार अर्धी मिटली. हेल्मेटची ओरखडे पडलेली काच बदलली तेव्हा आणखी थोडी मिटली. आज कुणी विचारले तर आम्ही सांगू की गावातल्या गावात आणि पाळीवर ये-जा करणाऱ्याला जादा दिव्यांची गरजच नाही. त्या पैशांत बल्ब, काच आणि मडगार्डवर लावावयाची तांबडी चमकती पट्टी घ्यावी. पट्टीला बॅटरी लागत नाही.

मे महिन्यात आम्ही गावी जाऊन आलो. पहाटे साडेतीनला पालघर सोडले. वाघोबा खिंडीत समोरून कुणी नव्हते, तिथे दिवे लावले तर वळणावरची कठड्याची कड आणि त्याच्या आतली खडी स्वच्छ दिसली. पत्नीने मागून खांद्यावर थोपटले. मनोरला हायवेवर लागताच बंद केले, कारण तिथे समोरून वाहनांची रांग अखंड असते. उजाडले तेव्हा आम्ही ठाण्याच्याही पुढे होतो. परतताना कोकणच्या महामार्गावर काम चालू असलेल्या एका टप्प्यात संध्याकाळ झाली, तिथे पुन्हा लावले. दगड टाकून वळविलेला रस्ता या दिव्यांनीच वेळेवर दाखविला. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरांत जादा दिवे जेमतेम तासभर पेटले असतील. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप का, असे पत्नीने विचारले. तो तासभर ती पाठीमागे बसलेली होती, एवढेच आम्ही म्हणालो.

परत आल्यावर आंबे घेऊन सातपाटीला गेलो. काकांचा गुडघा बरा झाला होता, सायकल नव्या रिमवर पुन्हा चालू होती. अंधार पडल्यावर मुलाने आमची गाडी घरासमोरच्या वाटेवर उभी केली आणि वडिलांना सायकल घेऊन पुढे जावयास सांगितले. आठ मीटर मोजावयाचे होते. पट्टी कुणाजवळ नव्हती. काका म्हणाले, "साडेचार वाव झाले," आणि दोन्ही हात पसरून, जाळ्याचा दोर मोजतात तसे मोजत गेले. तिथे सायकलवर बसून, एक पाय जमिनीला टेकून ते आमच्याकडे बघू लागले. आम्ही दिवे लावले. त्यांनी हात डोळ्यांवर नेला नाही.

"डावा बरा आहे," ते म्हणाले. "उजवा अजून थोडा खाली घे."

मुलाने पाना घेतला आणि उजवा दिवा बोटभर खाली केला.